गुळवेलीतलं शिसं

आमचे सर कुणावरही विश्वास ठेवत नसत, आणि ही गोष्ट ते लपवतही नसत. भिवंडीतल्या त्या लहानशा प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले, त्या दिवशी त्यांनी माझी गुणपत्रिका उघडूनही पाहिली नाही. माझ्या कपाळाकडे बोट दाखवून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे कुंकू आहे की टिकली?"

"टिकली," मी म्हटलं.

"बांगड्या कशाच्या? तोंडाला पावडर लावली आहे का? केसांना काय लावता?"

मी घरी येऊन आईला हे सांगितलं. आई पोळ्या लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "माणूस बरा दिसत नाही. उद्यापासून जाऊ नकोस." मलाही तसंच वाटत होतं. तरी मी गेले, आणि तिसऱ्या दिवशी मला त्या प्रश्नांचा अर्थ कळला. आम्ही औषधी वनस्पतींमधली मूलद्रव्यं मोजत होतो. लोह, जस्त, तांबं, आणि जी असू नयेत ती शिसं आणि कॅडमियम. ती इतकी थोडी असतात की चेहऱ्यावरच्या पावडरीचा कण काचेच्या भांड्यात पडला तर अडुळशाच्या पानात नसलेलं जस्त त्यात दिसू लागतं. हलक्या कुंकवात शिसं असतं. सरांच्या लेखी मी नवी मुलगी नव्हते, मी भेसळीची एक शक्यता होते.

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मागून शंकासूर म्हणत. त्यांना ते माहीत होतं. एकदा हात धुता धुता ते आपणहून मला म्हणाले, "शंकासूर नावाचं झाडही असतं. फुलं बरी असतात त्याला." एवढंच. रागावले होते की खूश होते, ते मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. आधी कुठल्याशा कॉलेजात शिकवायचे, म्हणून सर. अंगाने काटकुळे, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद, आणि चालताना मान किंचित वाकडी, जणू मागून कुणी येतंय का ते ऐकताहेत.

आमची जागा दुसऱ्या मजल्यावर होती आणि खाली कापड विणणारे लूम होते. दिवसभर खटखट चालायची. त्या धक्क्याने तराजूचा शेवटचा आकडा थरथरत राहायचा, म्हणून सरांनी तराजू वाळूवर ठेवलेल्या दगडी लादीवर बसवला होता. तेवढ्यावरही त्यांचा भरवसा नव्हता. शुक्रवारी लूम बंद असत, म्हणून महत्त्वाची वजनं शुक्रवारी. फारच घाई असली तर सकाळी शिफ्ट बदलताना खाली जी दहा मिनिटं शांतता व्हायची, तेवढ्यात. हवेत सुताचा तूस उडत असायचा. सर खिडक्या बंद करायला लावत, पंखा बंद करत, आणि एप्रिलमध्ये आम्ही दोघं घाम पुसत बसत असू. घामाचा थेंबही भांड्यात पडता कामा नये, म्हणून कपाळाला पंचा बांधून. खालचा एक कारागीर जिन्यात भेटला की विचारायचा, "साब, इतनी गरमी में खिड़की क्यों बंद? कुछ नंबर दो का काम है क्या?" सर गंभीरपणे सांगत, "अभी पता नहीं. जाँच चालू है."

त्यांचा लाडका प्रश्न होता, "हे कुठून आलं?" पाणी कुठून आलं, आम्लाची बाटली कुठल्या दुकानातून आली, चमचा कुठून आला. ऑफिसातल्या चिनी मातीच्या कपातून ते कधी चहा प्यायले नाहीत. रंगीत कपाच्या झिलईत काय असेल ते देव जाणे, असं म्हणत आणि घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यात चहा ओतून घेत. प्रत्येक तपासणीबरोबर ते एक रिकामं भांडं चालवत. त्यात वनस्पती नाही, बाकी सगळं तेच. तेच पाणी, तेच आम्ल, तीच शेगडी. त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. सगळ्याच प्रयोगशाळा ते करतात, पण सर आधी ब्लँकचा आकडा बघत आणि मग नमुन्याचा. मला म्हणत, "आधी आपण किती घाण आहोत ते बघायचं. मग दुसऱ्याकडे बोट दाखवायचं."

पहिले काही महिने त्यांनी मला 'अहो मॅडम' म्हणून हाक मारली. त्यात आदर नव्हता, अंतर होतं. एकदा शतावरीच्या एका नमुन्याचे तीन आकडे काढले. दोन जुळले, तिसरा भलतीकडेच गेला. मी तिसरा सोडून दोन्हींची सरासरी लिहिली आणि तो कागद चुरगळून टोपलीत टाकला. दुपारी सर माझ्या टेबलासमोर उभे, हातात तो कागद, इस्त्री केल्यासारखा सरळ केलेला. माणूस कचऱ्याची टोपलीही तपासतो, हे मला तेव्हा कळलं. माझे कान तापले.

"हा का टाकलात?"

"चुकीचा होता, सर."

"चुकीचा होता की नको होता?"

त्यांनी मला तोच नमुना पुन्हा पहिल्यापासून करायला लावला. रागावले नाहीत. पण त्या दिवसापासून मला अहो-जाहो करणं त्यांनी सोडलं, आणि 'अगं माधवी' म्हणू लागले. चूक सापडल्यावर माणूस जवळचा वाटायला लागतो, असा काही त्यांचा हिशेब असावा.

करोनानंतर काढ्याची लाट आली, तेव्हा आमच्याकडे पोत्यांनी गुळवेल येऊ लागली. भिवंडीच्या आजूबाजूच्या गोदामांतून कंपन्या आयुर्वेदिक माल पुढे पाठवत, आणि त्याआधी आमच्याकडून तपासून घेत. अशाच एका कंपनीने गुळवेलीची पावडर पाठवली. वज्रेश्वरीजवळच्या एका गावातल्या बायकांच्या बचत गटाकडून ती आली होती. गुळवेल आंब्या-कडुनिंबावर चढलेली, बायकांनी तोडलेली, वाळवलेली, दळलेली. तपासणी मी केली. वनस्पतीची राख करून ती आम्लात विरघळवायची, ते पाणी यंत्राच्या ज्योतीत फवारायचं, आणि ज्योतीतून जाणारा प्रकाश किती शोषला गेला ते बघायचं. शिशाचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर ठाऊक होती. ब्लँक पाहिला, स्वच्छ. आम्लाची बाटली बदलली, भांडी बदलली, मग मला बाजूला करून स्वतः सगळं केलं. आकडा हलला नाही.

"बायकांनी काहीतरी मिसळलंय," मी म्हटलं. "वजन वाढवायला."

"काय मिसळलंय?"

"ते कसं सांगणार?"

"मग कशावरून म्हणतेस?"

प्रयोगशाळेचे मालक घाईत होते. कंपनीला फक्त पास किंवा नापास पाहिजे होतं. सरांनी रिपोर्ट दाबून ठेवला आणि मालकांना सांगितलं, अजून दोन दिवस लागतील. मला म्हणाले, "रविवारी मोकळी आहेस का? वज्रेश्वरीला जाऊन येऊ. देवदर्शनाला नाही."

एसटी खचाखच भरली होती. शेलार गाव मागे पडलं तशी गोदामं विरळ होत गेली. सर खिडकीतून रस्त्याकडेची झाडं बघत होते. रस्त्यावरची धूळ, गाड्यांचा धूर, कुठल्याशा बॉयलरची काजळी, त्यांचा संशय एकेका गोष्टीवरून उडत पुढच्या गोष्टीवर बसत होता. मी माझ्या मताला चिकटून होते. बायकांनीच काही केलंय.

बचत गटाची प्रमुख होती हिरामावशी. पन्नाशीची, आगरी, उंच, आवाज गावभर पोचेल असा. तिने आम्हाला ओट्यावर बसवलं, पण पाणी विचारायच्या आधी सवाल टाकला. "तुमी कंपनीची मानसा ना?"

"नाही," सर म्हणाले. "आम्ही तपासणीवाले."

"म्हंजी कंपनीचीच. पैसा कोन देतय तपासनीचा?"

सर प्रामाणिकपणे म्हणाले, "कंपनी."

"मंग?" ती म्हणाली आणि आमच्याकडे अशी पाहू लागली की मला आमच्या सरांचीच आठवण झाली.

त्यांनी तिच्या समोर, तिलाच हाताशी धरून नमुने घेतले. झाडावरची हिरवी वेल. अंगणात चादरीवर वाळत घातलेले तुकडे. मग पावडर. प्रत्येक पिशवी तिच्या देखत बंद केली आणि तिलाच तिच्यावर खूण करायला लावली. शेवटी विचारलं, "दळता कुठे?"

"माज्याच गिरनीवर. आमच्या मानसाची गिरन. तो गेला, आता मीच चालवतंय."

"बघू का?"

"गिरन कशाला बघायची? गिरनीत काय पिकतय?"

पण तिने दाखवली. घराच्या पडवीत जुनी दगडी गिरणी, पट्ट्यावर चालणारी. सर गुडघ्यावर बसले, चष्मा पुसला, आणि वरच्या दगडाच्या मधल्या भोकाकडे वाकून पाहत राहिले. तिथे लोखंडी पट्टी होती आणि तिच्याभोवती करड्या रंगाचा, मऊसर चमकणारा धातू. त्यांनी खिशातली किल्ली काढून त्यावर ओढली. चंदेरी ओरखडा उठला.

"हे काय आहे, मावशी?"

"पट्टी ढिली व्हायची. मंग आमच्या मानसाना जुन्या जाल्याच्या गोल्या वितलवल्या नि वतल्या. तवापासून हालली न्हाय." तिच्या आवाजात कौतुक होतं. खाडीवर मासेमारी होती तेव्हा जाळं बुडायला त्याला शिशाच्या गोळ्या लावत. जाळं गेलं, गोळ्या घरात राहिल्या, त्या नवऱ्याने वितळवून दगडात ओतल्या.

मला सगळं दिसलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर सरांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. परतीच्या एसटीत मी विचारलं, सांगितलं का नाही तिला?

"अजून मोजलंय कुठे? नुसत्या शंकेवर एखाद्या बाईच्या नवऱ्याची गिरणी बंद करायची?"

मोजलं. हिरव्या वेलीत शिसं जवळजवळ नव्हतं. वाळलेल्या तुकड्यांत नव्हतं. पावडरीत होतं. गुळवेलीच्या चिवट काटक्या दळताना दगड घासत होते, आणि त्यांच्याबरोबर ते ओतलेलं शिसंही. आकडे हाती आले त्याच दुपारी सर एकटेच वज्रेश्वरीची एसटी पकडून गेले. दुसऱ्या दिवशी आले ते पडलेल्या चेहऱ्याने.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, कंपनीला आमची गिरण बंद करायची आहे. कंपनीची नवी गिरण आमच्या गळ्यात मारायला तुम्ही आलात." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मीही तेच म्हणालो असतो."

त्यांनी तिला सांगितलं होतं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, येऊन बघा. ती खरोखर आली. शुक्रवारी सकाळी, लूम बंद असताना, नऊवारीचा काचा मारलेली हिरामावशी जिना चढून वर आली आणि तिने टेबलावर तीन पुरचुंड्या ठेवल्या. एक लाल चिंधीची, एक निळी, एक पांढरी. तिन्हींत तांदळाचं पीठ.

"यातला एक माज्या गिरनीचा हाय, एक अंबाडी गावच्या गिरनीचा," ती म्हणाली. "कंचा कुठला ते सांगनार न्हाय. तुमची मशीन सांगल."

"आणि तिसरा?" मी विचारलं.

"तो पन सांगनार न्हाय."

सरांनी खुर्ची पुढे ओढून तिला यंत्रासमोर बसवलं. इतक्या वर्षांत कुणाला त्या खोलीत विनाकारण बसायची मुभा नव्हती. फक्त एक विचारलं, "मावशी, कपाळाला कुंकू आहे?" नवरा गेलेल्या बाईला हे विचारलेलं ऐकून मी शरमले. ती म्हणाली, "न्हाय, गोंदलेला हाय," आणि पुढे वाकून हिरवा ठिपका दाखवला. सरांनी मान डोलावली.

ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. मी पीठ तोललं ते तिने पाहिलं, राख झाली ती पाहिली, आम्ल ओतलं तेव्हा नाकाला पदर लावून पाहिलं. मधे एकदा सर बाहेर गेले तर मला म्हणाली, "तो डोल्यात तेल घालून बगतय. तुजा मातर लक्ष भलतीकडं हाय." मला राग आला, कारण ते खरं होतं.

आकडे आले. पांढरी पुरचुंडी स्वच्छ. लालमध्ये शिसं. निळीतही शिसं, आणि जवळजवळ तेवढंच. एक तिच्या गिरणीची, मग दुसरीत तेवढंच शिसं कुठून आलं? मी भांडी नीट धुतली नव्हती का? मी सरांकडे पाहिलं. त्यांनी ब्लँक पाहिला, मग तिच्याकडे वळून म्हणाले, "लाल आणि निळ्यात आहे. दोन्ही सारखंच. आता तुम्ही सांगा."

हिरामावशीने लाल आणि निळी पुरचुंडी एकमेकींशेजारी ठेवली.

"लाल नि निला, दोनी माज्याच गिरनीचा," ती म्हणाली. "येगला येगला बोलली असती मशीन, तर मी समजली असती खोटी हाय."

सर उठून उभे राहिले. मी त्यांना कुणासाठी उभं राहताना पाहिलं नव्हतं, मालकांसाठीही नाही. पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती त्या लाल चिंधीची गाठ पुन्हा बांधत होती.

"मंग आमच्या भाकरीचा काय?" ती म्हणाली. "बारा वर्सा तोच पीठ खातंय सगला गाव. माज्या घरात तीन नातवंडा हायत."

सरांनी तिला खोटा धीर दिला नाही. पोरांचं रक्त तपासून घ्यायला सांगितलं, डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली, काय मोजायचं ते स्पष्ट अक्षरांत लिहिलं, दोनदा वाचून दाखवलं. त्याच रात्री तिने गिरणीचा पट्टा उतरवला, असं नंतर कळलं. आणि गावात काय बोललं गेलं, तेही कळलं. कुणी म्हणे, हिरीने शहरात जाऊन पैसे खाल्ले. कुणी म्हणे, नवी गिरण घालायची आहे म्हणून जुनीला नावं ठेवते.

मग रिपोर्टची गोष्ट आली. सरांनी आकड्याखाली एक रिमार्क लिहिला. शिसं वनस्पतीत नाही, ते दळताना दगडातून आलं आहे, आणि त्या गिरणीवर दळलेलं बाकी सगळंही तपासावं. मालकांनी तो काढायला सांगितला. म्हणाले, कंपनीने मागितलेला नाही. खरं कारण वेगळं होतं. त्याच गावातून आलेल्या आधीच्या खेपा कंपनीच्या गोदामातून केव्हाच पुढे गेल्या होत्या. नुसतं नापास लिहिलं की एक खेप परत पाठवून विषय मिटत होता. रिमार्क राहिला की मागच्या मालाचं काय, असा प्रश्न उभा राहत होता. सर म्हणाले, रिमार्कशिवाय माझी सही मिळणार नाही.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सहीचा अधिकार मलाही होता.

"आकडा खरा आहे ना?" त्यांनी विचारलं.

"खरा आहे."

"मग खऱ्या आकड्याखाली सही करायला काय अडचण आहे? सरांचं वय झालंय, ते उद्या घरी बसतील. तुमची तर आता कुठे सुरुवात आहे."

मी कागद पुढे ओढला. आकडा माझाच होता, दशांश चिन्हापर्यंत. मी सही केली.

बाहेर आले तेव्हा सर आपला पेला पिशवीत भरत होते. चाव्या टेबलावर ठेवलेल्या होत्या. ज्या माणसाने माझी टिकली विचारली, चुरगळलेला कागद उलगडून विचारला, त्याने आता काहीही विचारलं नाही. "येतो," म्हणाले आणि जिना उतरून गेले. ते पुन्हा आले नाहीत.

त्या रविवारी मी वज्रेश्वरीला गेले. सगळ्या नमुन्यांचे आकडे, रिमार्कासकट, मी हाताने कागदावर लिहून खाली सही केली होती. परत आलेल्या पोत्यांवर नापासचा शिक्का होता, आणि गटातल्या बायका एकमेकींकडे संशयाने बघत होत्या. त्यांना हा कागद उपयोगी पडेल, असं मला वाटलं. हिरामावशीच्या सुनेने तो वाचून दाखवला. मावशीने ऐकून घेतलं.

"तितं पन तूच सही केलीस ना?"

"हो."

"आदी तितं केली, मंग हितं. कंची खरी मानू?"

मला उत्तर देता आलं नाही. तिने कागद घेतला, घडी घातली, आणि मला चहा न देता घरात गेली. पुढे त्या कागदावर त्यांना दुसरं गिऱ्हाईक मिळालं, न दळलेल्या वेलीसाठी. दगडही नवे बसले. हे मला दुसऱ्यांकडून कळत गेलं. मी थोड्या महिन्यांनी ती नोकरी सोडली. आता मी दुसऱ्या एका प्रयोगशाळेत आहे.

सरांकडे मी अधूनमधून जायचे, पण त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी मनाशी एक समजूत करून घेतली होती. सरांनी विचारलं नाही, कारण त्यांना खात्री होती की मी सही करणार नाही. माझ्यावर त्यांनी एकदाच आंधळा विश्वास ठेवला आणि नेमका तोच फुकट गेला. ही समजूत मला सहीपेक्षाही जास्त टोचायची.

गेल्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले तेव्हा ते गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख भिंगातून तपासत होते. काकू, त्यांच्या पत्नी, कंटाळून म्हणाल्या, "रोज तपासतात. रात्रीत बदलते जणू." त्या आत गेल्या तेव्हा मी एकदाचं विचारलं.

"सर, त्या दिवशी तुम्ही मला काही विचारलं का नाही?"

कुठला दिवस, असं त्यांनी विचारलं नाही. भिंग खाली ठेवलं.

"भीती वाटली," ते म्हणाले.

"कसली?"

"तू काय सांगशील त्याची."

खिडकीबाहेर कुठेतरी लूम चालू होते. मी म्हटलं, "मी सही केली होती, सर. रिमार्काशिवाय."

"हं." त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "पुढे?"

मी त्यांना त्या रविवारचं सांगितलं. हाताने लिहिलेला कागद, आणि मावशीचा प्रश्न. कंची खरी मानू. सर हसले, हसता हसता खोकले, मला पाणी द्यावं लागलं.

"मग तू काय उत्तर दिलंस?"

"काहीच नाही."

"अजून सुचलं नाही?"

"नाही."

"मलाही सुचत नाही," ते म्हणाले. त्यांनी भिंग पुन्हा हातात घेतलं. "तिला तसं सांगून ये. लेखी नको. तोंडी सांग."

पुढच्या रविवारी मी गेले. हिरामावशी अंगणात गुळवेलीचे तुकडे उलटत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. सर आजारी आहेत, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही. तिने हातातली काटकी खाली टाकली.

"आजारी हाय? मंग आदी ता सांगायचा." ती आत गेली, लुगडं बदलून आली आणि म्हणाली, "चल."

एसटीत ती खिडकीजवळ बसली. अर्धा रस्ता झाला. मग म्हणाली, "माज्या मोठ्या नातवाच्या रक्तात निघाला व्हता शिसा. डॉक्टरानी औशिद दिला. आता बरा हाय, शालंत जातय." आणि थोड्या वेळाने, "खोटा सांगून पन जाता आला असता तुज्या सराना. कोन इचारनार व्हता."

सरांच्या घराच्या गल्लीत वळलो, तर त्यांच्या दाराबाहेर चपला दिसल्या. खूप चपला. मी म्हटलं, आज पाहुणे आलेले दिसताहेत. मी भराभर पुढे निघाले. मागून हिरामावशीने माझा हात धरला आणि मला तिथेच थांबवलं.